रविवारचे तास

सोमवार, २५ फेब्रुवारी

शनिवारी इस्पितळातून घरी आलो. न्यूमोनिया होता, आता नाही. ही वही सेतानं आणून दिली. काय खाल्लं, कुठली गोळी घेतली, घरी कोण आलं, हे रोज लिहायचं अशी तिची ताकीद. सेता ही माझी एकुलती एक मुलगी. सॅक्रामेंटोला फार्मासिस्ट आहे, त्यामुळे तिला सगळं जग पेशंट दिसतं. मी फ्रेस्नोच्या बेदाण्याच्या कारखान्यात पस्तीस वर्षं मुकादम होतो. दोनशे माणसांच्या पाळ्या मला तोंडपाठ होत्या, मला वही लागत नाही. पण आणलीच आहे तर लिहीन, आणि मला हवं ते लिहीन.

टपालात घराच्या विम्याची नवी पॉलिसी आली. माझी बायको आर्शालूस गेल्यावर घर माझ्या आणि सेताच्या नावावर केलं, म्हणून विम्यावरही आता दोन नावं आहेत. सोळा पानं. न वाचता खणात टाकली.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

ओतिलिया आली. नऊ ते एक. अकरा वर्षं दर गुरुवारी येते. केर, फरशी, चादरी, खिडक्या. ती मूळची वाहाकाकडची, मेक्सिकोतली. इथे शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते आणि आठवड्याला सात घरं करते. आर्शालूस चर्चच्या कॅलेंडरवर गुरुवारच्या चौकोनात पेन्सिलीनं 'ओ. ४' लिहायची. म्हणजे ओतिलिया, चार तास. ऑक्टोबरात आर्शालूस गेली, तेव्हापासून मी लिहितो. मागच्या गुरुवारचा चौकोन कोरा आहे, मी इस्पितळात होतो.

मी म्हटलं, "अभ्यासिकेत धूळ राहिली आहे."

"मालक, ती धूळ बाहेरून येत नाही. तुमच्या खुर्चीतून येते. जरा उठत जा म्हणजे मला झाडता येईल."

मला मालक म्हणू नकोस, हे मी तिला अकरा वर्षं सांगतो आहे. ऐकत नाही.

काम झाल्यावर कॉफी केली. आमच्या आर्मेनियन घरात छोट्या कपातली दाट कॉफी प्यायल्याशिवाय कुणी दाराबाहेर जात नाही, मग तो मीटर बघायला आलेला माणूस का असेना. आर्शालूसची आई म्हणायची, आपल्या टेबलाशी बसून खाल्लं की तो घरचा माणूस, त्याला नोकर म्हणायचं नाही. आम्ही तसंच वागत आलो.

संध्याकाळी सेताचा फोन. ओतिलियाचा नंबर मागत होती. कशाला, विचारलं तर म्हणाली, चादरींचं काहीतरी विचारायचं आहे. दिला.

रविवार, ३ मार्च

आज नवल झालं. दुपारी एक वाजता दारात ओतिलिया. अंगावर चर्चचे कपडे, हातात पातेलं.

"आज काय? आज रविवार."

"इकडूनच चालले होते, मालक. म्हटलं बघावं जिवंत आहात का."

ती राहते दक्षिणेला, तिचं चर्चही दक्षिणेला. इकडून कुठे चालली होती देव जाणे. पण आली ते बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. मसुराचं सूप गरम करून दिलं. गोळ्यांच्या डब्यात मंगळवारच्या गोळ्या शनिवारच्या कप्प्यात गेल्या होत्या, त्या नीट लावल्या. मग बसून गप्पा. चार वाजले तशी घड्याळाकडे बघून उठली.

कॅलेंडरवर काही लिहिलं नाही. पाहुण्यांचे तास कोण लिहितं? तो अपमान होईल.

रविवार, १७ मार्च

तिसरा रविवार. आता मी एकच्या आधीच कॉफीचं भांडं धुऊन ठेवतो.

ही वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. माझ्या पायाची नखं वाढली होती. खाली वाकलो की धाप लागते. मोजा फाटलेला तिनं बघितला आणि टबात कोमट पाणी घेऊन आली. मी नको म्हटलं, ओरडलोसुद्धा.

"ओरडा खुशाल," म्हणाली, "पण पाय पाण्यात ठेवून ओरडा."

नखं कापली. मग न्हाणीघर घासलं, कारण फरशी निसरडी झाली होती म्हणे. मग आम्ही पट मांडला. फासे टाकायला मी तिला शिकवतो आहे. ती सोंगट्या हलवते तेव्हा ओठांत काहीतरी पुटपुटते आणि जिंकते. चार वाजता उठली.

सेताचा संध्याकाळी फोन. "मग, सुपात लिंबू जास्त झालं होतं ना?" मी चकित. तुला कसं कळलं, विचारलं. म्हणाली, "अंदाज, बाबा." हुशार आहे पोरगी, आईवर गेली आहे.

सोमवार, ८ एप्रिल

शेजारचा हायगाझ कुंपणावरून म्हणाला, "काय रे मिह्रान, दर रविवारी तुझ्या दारात लाल पिकअप? म्हातारपणी रंग चढलाय काय?"

मी म्हटलं, "माझ्याकडे रविवारी माणसं येतात. तुझ्याकडे कुणी येतं का ते सांग."

तोंड एवढंसं झालं त्याचं. त्याचे दोन मुलगे याच शहरात राहतात. मला दिवसभर छान वाटत होतं.

रविवार, २१ एप्रिल

ईस्टर. गुरुवारी ओतिलिया आली नाही, मोठ्या सणाचा गुरुवार म्हणून तिनं आधीच सांगितलं होतं. आजही मडेराला बहिणीकडे गेली. सेता आली, कांद्याच्या सालीत अंडी रंगवली, मासा केला, संध्याकाळी परत गेली. सगळं व्यवस्थित झालं. तरी एक वाजता मी दोनदा दारापर्यंत जाऊन आलो.

गुरुवार, २ मे

मांडवावरच्या द्राक्षवेलीला पानं आली आहेत, तळहाताएवढी, कोवळी. हाच आठवडा. पुढच्या आठवड्यात ती चामड्यासारखी होतात. आर्शालूस दर वर्षी याच दिवसांत पानं खुडून मिठाच्या पाण्यात बरण्या भरायची. मग वर्षभर त्यांत भात आणि मटण गुंडाळून सार्मा. तिच्या हातची शेवटची बरणी फेब्रुवारीत संपली.

ओतिलियाला म्हटलं, "रविवारी आपण पानं खुडू."

"विचारून सांगते."

"कुणाला विचारून?"

ती फडकं पिळत होती. "घरी," म्हणाली.

जाताना म्हणाली, येते.

रविवार, ५ मे

ओतिलिया शिडीवरून पडली.

क्रमानं लिहितो. दीड वाजता मांडवाखाली तीन पायांची बागेची शिडी लावली. मी चढणार होतो. तिनं मला हात धरून बाजूला केलं, "तुम्ही पडलात तर मला घासावं लागेल." मी शिडी धरून उभा. खालची पानं झाली. मी म्हटलं, वरची जास्त कोवळी आहेत. ती आणखी दोन पायऱ्या चढली. तेवढ्यात स्वयंपाकघरात फोन वाजला. मी शिडी सोडली. आत जाईपर्यंत फोन बंद झाला आणि बाहेर आवाज आला.

उजव्या हातावर पडली. मनगट जिथे वाकू नये तिथे वाकलं होतं. ती ओरडली नाही. म्हणाली, "ॲम्ब्युलन्स नको, महाग असते." हायगाझनं गाडीतून नेलं.

इस्पितळात काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "कामावर असताना लागलं का?"

मी चटकन म्हटलं, "नाही. ती आमच्याकडे पाहुणी आली होती. आमच्या घरचीच आहे."

मुलीनं तसं टाइप केलं. ओतिलियानं माझ्याकडे बघितलं. दुखत असणार.

घरी आलो तर पानं अंगणभर पसरलेली. गोळा केली, धुतली, मिठाच्या पाण्यात घालून बरणी भरली. आर्शालूसनं एक पान वाया जाऊ दिलं नसतं. शिडी मी सोडली. हे इथे लिहून ठेवतो.

मंगळवार, ७ मे

काल तिचं ऑपरेशन झालं. धातूची पट्टी आणि सहा स्क्रू. तीन महिने या हातानं काही उचलायचं नाही. तिच्या कामात हात नाही म्हणजे काम नाही. सात घरं आहेत. तिला नवरा नाही, मुलगी कॉलेजात.

हायगाझ म्हणतो, "विमेवाल्यांना कळवू नकोस. ती वकील लावेल आणि तुझं घर लिहून घेईल. मी बघितलंय."

मी म्हटलं, "तू टीव्हीवर बघितलंयस."

सेताला फोनवर सांगितलं तर ती किती वाजता पडली ते तिनं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "बाबा, मी रविवारी येते. तोवर विम्याच्या लोकांशी बोलू नका. प्लीज."

मुकादमाला हे सांगते! कारखान्यात अपघात झाला की त्याच दिवशी कळवायचं, मी पस्तीस वर्षं कळवलं आहे.

गुरुवार, ९ मे

विमा कंपनीला फोन केला. ब्रेंडा नावाची बाई होती, आवाज शांत. बोलणं रेकॉर्ड होईल म्हणाली. होऊ दे म्हटलं.

ती म्हणाली, आपल्या राज्यात घराच्या विम्यातच घरकामाच्या माणसाची नुकसानभरपाई धरलेली असते. मला पत्ताच नव्हता. खणातली सोळा पानं तोवर मी उघडली नव्हती. घरी कामाला येणाऱ्या माणसाला काम करताना लागलं, तर सगळा औषधोपचार आणि बुडालेल्या मजुरीचा मोठा भाग कंपनी देते. मी सांगून टाकलं की शिडी मीच सोडली होती. ती म्हणाली, "सर, चूक कोणाची हे आम्ही विचारतच नाही. ती तुमच्याकडे कामाला होती का, एवढंच."

पण एक अट आहे. अपघाताच्या आधीच्या नव्वद दिवसांत त्या माणसानं तुमच्याकडे निदान बावन्न तास काम केलेलं पाहिजे. त्याहून कमी असेल तर कायदा त्याला कामगार धरत नाही. मी कॅलेंडर भिंतीवरून काढून आणलं. तेरा गुरुवार. त्यातला एक माझ्या इस्पितळाचा, एक ईस्टरचा, दोन्ही कोरे. राहिले अकरा. चोक चव्वेचाळीस.

"आणि त्या रविवारी ती काय करत होती?"

"पानं खुडत होती. पण कामाला नव्हती. पाहुणी होती."

"म्हणजे त्या दिवशी ती काम करत नव्हती?"

"नव्हती. बाई, ती मला बहिणीसारखी आहे. रविवारी ती आपणहून येते."

"हे तुम्ही नक्की सांगता आहात?"

"नक्की."

फोन ठेवला तेव्हा समाधान वाटत होतं. परक्या बाईसमोर मी ओतिलियाला नोकर म्हटलं नाही.

शनिवार, १८ मे

मागच्या रविवारी सेता येणार होती, तिला दुकानातून सुटता आलं नाही. उद्या येते आहे.

आज कंपनीचं पत्र आलं. तास अपुरे, शिवाय घटनेच्या वेळी कामावर नव्हती, सबब कामगार म्हणून दावा अमान्य. पाहुण्याच्या औषधोपचारासाठी पाच हजार डॉलरपर्यंत. ओतिलियाला इस्पितळाचं पहिलंच बिल अडतीस हजारांचं आलं आहे.

पत्र घेऊन तिच्याकडे गेलो. सोबत भात आणि वांग्याची भाजी नेली, भाजी थोडी लागली होती. अकरा वर्षांत तिच्या घरी पहिल्यांदा गेलो. डाव्या हातानं कांदा चिरत होती. कांदा घरंगळत होता. सातातली दोन घरं गेली म्हणाली, त्यांनी दुसरी बाई लावली.

मी सांगितलं, ब्रेंडाला मी काय काय म्हणालो ते. बहिणीसारखी आहे हेही.

तिनं सुरी खाली ठेवली.

"मालक, तुम्ही त्यांना सांगितलंत की मी काम करत नव्हते?"

"म्हणजे, तू पाहुणी होतीस. नोकर कशी म्हणू तुला?"

"का नाही म्हणायचं? मी काम करते. त्यात लाज कसली? लाज तुम्हाला वाटते, मला नाही." आवाज चढला तिचा. "तुम्ही मला मोठा मान दिलात. तो मान घेऊन मी इस्पितळाच्या काउंटरवर जाऊ? अडतीस हजारांच्या जागी ठेवू?"

मी पत्राची घडी घातली. मग ती हळू म्हणाली, "मी कामावर होते त्या दिवशी. सगळ्या रविवारी होते."

"कुणाच्या कामावर?"

"सेताला विचारा. मी शब्द दिलाय, मी सांगणार नाही."

वांग्याची भाजी मात्र ठेवून घेतली.

रविवार, १९ मे

सेता आली. दारातच विचारलं. ती कोट न काढताच बसली.

तीन मार्चपासून दर रविवारी तीन तास. एक ते चार. पैसे सेता पाठवत होती, फोनवरून, दर वेळी खाली दोन शब्द लिहून: 'बाबा, रविवार'. मला फोनमध्ये दाखवले. एकाखाली एक.

"तुम्ही घरात परकं माणूस ठेवू दिलं नसतंत, बाबा. इस्पितळातून आलात तेव्हा किती वाळला होतात. मी दर आठवड्याला येऊ शकत नाही. मी काय करायचं होतं?"

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तिला दारातून परत पाठवलं असतंत."

खरं आहे, पाठवलं असतं. पण ते मी कबूल केलं नाही. मी मांडवाखाली जाऊन बसलो. ती दोनदा बाहेर आली आणि परत गेली. तिच्यावर रागावलो होतो, ओतिलियावर रागावलो होतो, आणि त्या फोनवरच्या दोन शब्दांवर सगळ्यात जास्त. मी कॉफीचं भांडं धुऊन वाट बघायचो. हायगाझला टोमणा मारला होता मी.

मग ही वही पहिल्यापासून वाचली. सगळं माझ्याच अक्षरात आहे. मी 'पाहुणी' लिहितो आणि पुढच्याच नोंदीत पाहुणी न्हाणीघर घासते. दर रविवारी चार वाजता उठते, तेही मीच लिहिलं आहे. कारखान्यात एखाद्या पोऱ्यानं पाळी संपायच्या ठोक्याला उठलेलं मला मागून कळायचं. इथे दोन महिने समोर बघून कळलं नाही. कळून घ्यायचंच नव्हतं, असं असेल.

आणि ओतिलियाच्या पायावर धोंडा मी पाडला. शिडी सोडली ती चूक घडली. पण 'काम करत नव्हती' हे मी दोनदा, विचार करून, छाती फुगवून सांगितलं.

सेता जाताना म्हणाली, "आठ रविवार, चोवीस तास. चव्वेचाळीस आणि चोवीस अडुसष्ट, बाबा."

मी आधीच मोजले होते.

मंगळवार, २१ मे

ब्रेंडाला फोन केला. मला माझी साक्ष बदलायची आहे, म्हटलं.

"सर, तुम्ही दोनदा 'नाही' म्हणालात. रेकॉर्ड आहे."

"मी चुकीचं सांगितलं."

"तेव्हा चुकीचं होतं, की आता पत्र आल्यावर चुकीचं वाटतं?" आवाज तसाच शांत. राग आला, पण तिच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

मी म्हटलं, "तेव्हा मला माहीतच नव्हतं की माझी मुलगी तिला पैसे देते. घर दोघांच्या नावावर आहे, विमाही. म्हणजे तिनं कामाला लावलं ते या घरानंच लावलं."

तिकडे टाइप केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, पैसे दिल्याची नोंद पाठवा, मुलीचं निवेदन, तुमचं निवेदन, आणि रविवारी ती काय काम करायची याचा त्या वेळचा काही लेखी पुरावा असेल तर तो.

लेखी पुरावा ही वही आहे.

हायगाझला सांगितलं तर म्हणाला, "वेडा आहेस का? आधी नाही, आता हो. लबाड ठरवतील तुला. आणि सगळ्या गावाला कळेल की तू सोबतीला बाई लावली होतीस."

मी म्हटलं, "मी नव्हती लावली. लावायला हवी होती."

गुरुवार, २३ मे

वाचनालयात जाऊन वहीची पानं झेरॉक्स केली. सतरा मार्चचं पान मशीनवर पालथं घालताना हात अडला. मागे रांगेत दोन माणसं होती. घातलं.

निवेदन सेतानं फोनवर वाचून घेतलं. 'रविवारी कामगार कोणती कामं करत असे?' मी लिहिलं: सूप करणे, गोळ्या लावणे, पायाची नखं कापणे, न्हाणीघर घासणे, पाच मे रोजी घरमालकाच्या सांगण्यावरून शिडीवर चढून द्राक्षाची पानं खुडणे. आणि घरमालकाला सोबत करणे.

सेता म्हणाली, "शेवटचं काढलं तरी चालेल, बाबा. त्याची गरज नाही."

"राहू दे. तीन तासांतला जास्त वेळ त्यातच जायचा."

तिकडे सेता रडत होती बहुतेक. मी सर्दी झाली का विचारलं, ती हो म्हणाली. मग दोघंही उगाच औषधांबद्दल बोललो.

गुरुवार, ३० मे

कॅलेंडरवर अपघातानंतरचे चार गुरुवार कोरे. घरात धूळ झाली आहे. खुर्चीतूनच येते की काय, म्हणून उठून मीच झाडलं.

मंगळवार, ११ जून

पत्र आलं. दावा मान्य. इस्पितळाचं सगळं बिल, पुढचे व्यायाम, आणि ती कामावर जाईपर्यंत मजुरीचे दोन तृतीयांश. नव्वद दिवसांत अडुसष्ट तास, असं छापलं आहे. माझ्या वहीचा उल्लेख 'घरमालकाची समकालीन नोंद' असा आहे. आर्शालूस हसली असती.

ओतिलियाचा फोन आला. "मालक, पत्र आलं."

"मलाही आलं."

"नखांचं लिहिलंत तुम्ही?"

"लिहिलं."

तिकडून हसण्याचा आवाज आला. मग म्हणाली, ऑगस्टपर्यंत काम बंद, डॉक्टरांनी लेखी दिलं आहे. कुठलंही काम केलं तर भरपाई बंद होईल. मी म्हटलं, बरोबर आहे, करू नकोस. म्हणजे गुरुवार नाही आणि रविवारही नाही. फोन ठेवल्यावर कॉफीचं मोठं भांडं वरच्या फळीवर ठेवून दिलं, एकट्याला लहान पुरतं.

रविवार, १६ जून

आज वडिलांचा दिवस. सेतानं सकाळी फोन केला, पुढच्या रविवारी येते म्हणाली. ओतिलिया पडली त्या दिवशी खारवलेल्या पानांची बरणी आज उघडली. आर्शालूस कशी गुंडाळायची ते आठवत सार्मा केले. निम्मे पातेल्यात सुटले.

एक वाजता बेल वाजली. ओतिलिया. हाताला पट्टा, चर्चचे कपडे. गाडी तिच्या मुलीनं चालवत आणली आणि सोडून गेली.

मी दारातच विचारलं, "कोणी पाठवलं? सेतानं?"

"कुणी नाही."

"पैसे कोण देतंय?"

"काय बोलता मालक! मला काम करायला मनाई आहे. पकडून द्याल मला." आत येऊन टेबलाशी बसली. "मी कशाला हात लावणार नाही. तुम्ही वाढा. तुम्हीच कॉफी करा."

वाढलं. सुटलेले सार्मा माझ्या ताटात, धड असलेले तिच्या. तिनं डाव्या हातानं एक उचलला, खाल्ला आणि म्हणाली, "मीठ फार आहे. आणि हे पान कुठलं? हे मी त्या दिवशी खुडलेलं आहे ना?"

"तुझंच."

"म्हणूनच महाग लागतंय," म्हणाली.

पट मांडला. ती डाव्या हातानं खेळून जिंकली. चार वाजले तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं. तिनं बघितलं नाही, फासे टाकत होती. साडेपाचला तिची मुलगी न्यायला आली, तेव्हा उठली.

ती गेल्यावर कॅलेंडर समोर घेतलं. रविवारचा चौकोन. आर्शालूसची पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'ओ. ०'. पुन्हा कधी कुणी विचारलं तर लेखी असावं.